‘प्लास्टिकची मूठ म्हणजे खेळणं’? आधी चाकू उघडून तर बघा

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकच्या गटांमध्ये खरेदीचे सल्ले सुरू होतात. बूट कुठले, पोंचो कुठला, आणि मग दरवर्षी तोच संदेश फिरत येतो. मजकूर साधारण असा: घडीचा चाकू घ्यायचा तर स्टीलच्या मुठीचाच घ्या, प्लास्टिकची मूठ म्हणजे खेळणं. एक, प्लास्टिक तुटतं. दोन, वजनदार चाकूची पकड पक्की. तीन, प्लास्टिक म्हणजे कंपनीने वाचवलेले पैसे. चार, स्टील गंजत नाही, धुवायला सोपं. पाच, लष्करात धातूच्याच मुठी असतात. खाली नेहमीचं ‘सर्वांना पाठवा’.

पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही. माझा पहिला चांगला चाकू मीही याच हिशेबाने घेतला होता. चकचकीत स्टील, हातात घेतला की माणूस उगाचच दोनदा उघडून मिटणार असा. तो आता स्वयंपाकघराच्या खणात असतो.

‘प्लास्टिक तुटतं.’ कुठलं प्लास्टिक? गाडीवर फळं कापायच्या चाकूला असते ती ठिसूळ रंगीत मूठ, तीही प्लास्टिकच. आणि चांगल्या घडीच्या चाकूंना असतं ते काचतंतू मिसळलेलं नायलॉन, तेही प्लास्टिकच. पण या दोघांना एका पंक्तीला बसवणं म्हणजे पुठ्ठा आणि सागवान दोन्ही लाकडापासूनच असं म्हणण्यासारखं आहे. इलेक्ट्रिशियनच्या ड्रिल मशीनची बॉडी बहुधा याच जातीच्या नायलॉनची असते. ते मशीन स्टुलावरून किती वेळा पडतं आणि पुन्हा चालू होतं, हे घरात एकदा काम काढलेल्या प्रत्येकाने पाहिलंय.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. चाकूचे स्क्रू काढा आणि मूठ बाजूला करा. माझ्या नायलॉनच्या मुठीच्या चाकूत आत दोन्ही बाजूंना भोकं पाडून हलके केलेले स्टीलचे पत्रे निघाले, मध्ये पातं जिच्यावर फिरतं ती पिन, आणि मागच्या कण्यात खटक्याची, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी दांडी, तीही स्टीलचीच. दोर कापताना जोर लागतो तो पात्यावर, तिथून पिनेवर आणि खटक्यावर. बाहेरचं नायलॉन हे सगळं धरून ठेवतं आणि हाताला पकड देतं, बस. चाकू दगा देतो तो बहुतेक वेळा खटका सुटल्याने किंवा पिन ढिली झाल्याने. स्टीलच्या मुठीचा खटका वाईट असेल तर ती मूठ बोटं वाचवत नाही.

एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. काही चाकूंत मुठीचाच एक पट्टा आत वळून पात्यामागे अडतो. चाकू बनवणारे ख्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा चाकूमुळे ही रचना १९९०च्या दशकात नावारूपाला आली. तिथे मूठ हाच खटका, त्यामुळे ती धातूचीच हवी. पण सेबेन्झाची मूठ टायटॅनियमची आहे, स्टीलची नाही.

आणि प्लास्टिकच्या बाजूचंही एक कबूल करतो. स्पायडरको कंपनीचे १९९० साली आलेले डेलिका आणि एन्ड्युरा हे चाकू नायलॉनच्या मुठीचे, आणि सुरुवातीला त्यांची खिशाला अडकवायची क्लिपही मुठीसोबतच साच्यात ओतलेली होती. ती क्लिप तुटायची. पुढच्या आवृत्त्यांत तिच्या जागी स्क्रूने बसवलेली धातूची क्लिप आली. म्हणजे संदेशातला ‘तुटतं’ हा शब्द पूर्ण हवेतून आलेला नाही. फक्त तो क्लिपला लागू होता, तो मुठीला चिकटवला गेला.

‘वजनदार चाकूची पकड पक्की.’ डेलिकाची चौथी आवृत्ती दोन्ही मुठींत निघाली, त्यामुळे ताडून बघायला ती सोयीची. नायलॉनची सुमारे ७१ ग्रॅम, स्टीलची सुमारे ११३. पातं तेच, लांबी तीच. म्हणजे जास्तीचे ४२ ग्रॅम सगळे मुठीत गेले. त्यांनी कापण्यात काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो ट्रॅक पँटच्या खिशाला, जो चढावर गुडघ्याच्या बाजूने लोंबायला लागतो.

पकडीचं म्हणाल तर ती वजनाने येत नाही, पृष्ठभागाने येते. जुलैत घाटमाथ्यावर आम्ही ताडपत्री बांधली होती, दोरीला गाठ बसली चुकीची. हात चिखलाचे, बोटं सुरकुतलेली, पाऊस आडवा. माझ्या स्टीलच्या मुठीवर ना खाच ना खरखर, आरशासारखं पॉलिश. पातं दोरीत रुतलं आणि मूठ मागे सरकली, अंगठा पात्याच्या टाचेपर्यंत गेला. थोडक्यात निभावलं. शेजारच्याने त्याचा नायलॉनचा चाकू दिला. त्याच्या मुठीवर साच्यातूनच आलेले बारीक उलटसुलट दाते होते, ओल्या हातालाही ते टोचल्यासारखे लागत होते. दोरी दोन हिसक्यांत सुटली. स्टीलवरही अशी खरखर करता येते, पण ती वेगळी कोरावी लागते. नायलॉनला ती साच्यातच मिळते.

त्याच ओघात थंडी-उन्हाचं. जानेवारीत पहाटे कळसूबाईवर स्टीलची मूठ धरून बघा, आणि एप्रिलच्या दुपारी कातळावर तासभर ठेवून मग उचलून बघा. स्टील नायलॉनपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने उष्णता वाहून नेतं. बाकी काही लिहायची गरज नाही.

‘प्लास्टिक म्हणजे वाचवलेले पैसे.’ नगामागे खर्च कमी येतो हे खरंय. साचा महाग, पण तो एकदा झाला की मुठी भराभर निघतात. पण त्यावरून चाकू हलक्या प्रतीचा ठरवू नका. बेंचमेड कंपनीचा २०१७ साली आलेला बगआउट नायलॉनच्याच कुळातल्या ग्रिव्होरी नावाच्या प्लास्टिकच्या मुठीचा आहे, वजन जेमतेम ५२ ग्रॅम, आणि किंमत मात्र कोणालाही ‘स्वस्त’ म्हणू देणार नाही. त्याची मूठ चिमटीत दाबली तर किंचित लवते, त्यावरून त्याची पुष्कळ थट्टाही झाली. लवते म्हणजे तुटते असं नाही. बांबूही लवतो.

पैसे खरे वाचवतात ते दुसरीकडे. बाजारात जाडजूड स्टीलच्या मुठीचे चाकू ढिगाने मिळतात, डब्यावर ‘स्टेनलेस’ एवढंच छापलेलं, पातं कुठल्या पोलादाचं याचा पत्ता नाही. हातात जड लागतं म्हणून गिऱ्हाईक खूश होतं आणि चार दिवसांत धार गेली की दुकानदाराला शिव्या घालतं. मुठीचं वजन विचारण्याआधी पात्याचं पोलाद विचारा.

‘स्टील गंजत नाही, धुवायला सोपं.’ इथे संदेश अर्धा बरोबर आहे, आणि या अर्ध्या बरोबरपणामुळेच माझा चाकू अजून घरात आहे. धुणं सोपं आहेच. मासळीचा वास स्टील धरून ठेवत नाही. हळदीने स्टील पिवळं होत नाही, फिक्या रंगाचं प्लास्टिक मात्र कायमचं होतं. ओट्यावर स्टीलच जिंकतं, वाद नाही.

पण ‘गंजत नाही’ हे अति झालं. स्टेनलेस म्हणजे क्रोमियम घातलेलं पोलाद, आणि मीठ त्याचा जुना शत्रू. कोकणात चार दिवस समुद्रावर राहून आलो, चाकू नुसता पुसून ठेवला, तर स्क्रूच्या डोक्यांभोवती तांबूस ठिपके आले होते. नायलॉनला गंज हा प्रकारच नाही. ते थोडं पाणी शोषतं, पण ओल्या नायलॉनचा ठिसूळपणा उलट कमी होतो. जपायचं ते दुसऱ्या प्लास्टिकला. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस चाकू कंपनीची ती प्रसिद्ध लाल चकाकती मूठ सेल्युलोजपासून केलेल्या सेलिडोरची असते. डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम लावलेला हात तिला लागू देऊ नका, डीट अशा प्लास्टिकला खातं. नायलॉनला त्याने काही होत नाही.

‘लष्करात धातूच असतो.’ स्विस सैन्याच्या चाकूचा इतिहास सगळ्यांत सहज सापडतो, तोच घेऊ. १८९१च्या पहिल्या चाकूची मूठ लाकडी. १९०८च्या नमुन्याला दाबलेल्या तंतूंची, म्हणजे फायबरची. १९६१ला धातू आला खरा, पण तो ॲल्युमिनियम. आणि २००८च्या नमुन्यापासून काय? प्लास्टिक, वर पकडीसाठी मऊ खरखरीत पट्टे. स्टीलची मूठ या सगळ्यात एकदाही नाही.

प्लास्टिकची खोड काढायचीच होती तर संदेशवाल्याला खरी जागा सापडलीच नाही. ती क्लिपच्या स्क्रूंपाशी आहे. काही चाकूंत ते स्क्रू थेट नायलॉनमध्ये फिरतात, मागे धातूची चकती नसते. मी एकदा जोशात जरा जास्तच आवळला, आतली आटी खरवडून गेली, आणि तेव्हापासून माझी क्लिप तीनऐवजी दोन स्क्रूंवर आहे. बाकी चाकू ठणठणीत आहे.