मामाचा फक्त नमस्कार

आज सकाळी एका पोट्ट्यानं मला शिकवलं की काका, टीव्ही रेकॉर्ड करायले घरात सर्वर कायले पाहिजे, सगळं यूट्यूबवर असते. तेव्हापासून डोकं सटकलंय म्हणून लिहून राहिलो.

काटोलच्या मामाची संत्र्याच्या बागेवर सह्याद्रीवर मुलाखत लागणार होती. मामानं अख्ख्या गावाले फोन केले अन् मला बजावलं, "तू कम्प्युटरवाला ना बे, धरून ठेव." मी ऐटीत. गच्चीवर फ्री डिशची छत्री, खाली जुना पीसी, त्याले यूएसबी ट्यूनर (छत्रीचा सिग्नल पीसीत घेणारी डबी) अन् रेकॉर्डिंगसाठी वर्षाचे पैसे भरलेलं एक चकाचक सॉफ्टवेअर. नेमकी त्याच दिवशी रोडच्या खोदकामात नेटची केबल तुटली. आता मला सांगा, सिग्नल येते जीसॅट-१५ उपग्रहावरून, पीसी माझा, डिस्क माझी, यात नेटचा काय संबंध? पण नाही! सॉफ्टवेअर साहेबांना आधी नेटवरून आपल्या कंपनीले विचारायचं होतं, या माणसाचे पैसे आले का म्हणून. नेट आलं तेव्हा रेकॉर्डिंग सुरू झालं अन् मला मिळाला मामाचा नमस्कार. हात जोडले, संपलं.

आमचे बाबा गच्चीवर अँटेना नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या दूरदर्शन टॉवरकडे फिरवत ओरडायचे, "आलं का?" अन् आम्ही खालून, "मुंग्याच आहेत!" चित्र खराब यायचं, पण त्या काडीनं कधी लॉगिन नाही मागितलं. आता ते प्रक्षेपणच बंद झालं, अँटेनावर कावळे बसतात.

असो. त्यानंतर टीव्हीहेडएंड नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे, लिनक्सवर चालते, पासवर्ड आपल्या घरचा अन् नेट गेलं तरी ठरल्या वेळी मुकाट्यानं रेकॉर्ड करते. सिग्नल जसा येते तसा फाइलीत उतरवते, म्हणून दहा वर्षं जुना पीसीही पुरतो, आणि एकाच ट्रान्सपाँडरवरचे (उपग्रहाच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर एकत्र येणारे) चार चॅनल एका ट्यूनरवर एकदम धरता येतात, हे मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं बरं का. दिसायले सरकारी फॉर्मसारखं आहे, मान्य. फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन, सिम्बॉल रेट हातानं भरता भरता एक रविवार जातो, हेही मान्य. बायकोनं तोंड वाकडं केलं म्हणून पाहायले वरून जेलीफिन नावाचं दिसायले बरं, फुकट सॉफ्टवेअर जोडून दिलं. एम्बी नावाच्या तसल्याच सॉफ्टवेअरनं आपला सोर्स कोड लोकांसाठी बंद केला तेव्हा २०१८ मध्ये लोकांनी वेगळं काढलं ते हे. पण ट्यूनर कार्ड ते स्वतः सांभाळत नाही, म्हणजे धरायले टीव्हीहेडएंड अन् पाहायले जेलीफिन.

विकतचं घेणाऱ्यांना सोपं पडते, पडू द्या, भांडत नाही. खरं तर भांडतो! पैसेही आपण द्यायचे अन् परवानगीही आपणच मागायची?

अन् यूट्यूबवाल्या बापू, मामाचा एपिसोड शोधून दे, तुला सावजी माझ्याकडून. मी शोधला, नाही सापडला.

आता तो स्लॉट रोजचा लावून ठेवलाय, मागंपुढं दहा मिनिटं जास्तीची, कधी रिपीट लागला तर. तासाले एक-दीड जीबी जाते, डिस्क भरत आली. काल मामाकडे पाहुणे होते, व्हिडिओ कॉलवर म्हणे लाव. लावला. मामा दोनदा पाहून म्हणते, "काहून बे, मी एवढंच बोललो होतो?"