कमी पैशात अंदमान: पाठीवर सॅक, खिशात बाबांचं कार्ड

निघायचं ते मे महिन्यातच. एक तर नागपुरात तेव्हा पारा ४५ च्या आसपास असतो आणि कूलरही गरम हवा फेकतो. दुसरं म्हणजे त्या दिवसांत अंदमानात खोल्या स्वस्त मिळतात. का मिळतात, हे विचारत बसू नका. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी दरवर्षी मे महिन्यात पेपरात झळकते आणि ती वाचून अख्खं नागपूर हुश्श करतं. तो मान्सून आपल्याकडे पोचायला जून अर्धा उलटतो. तुम्ही त्याला सामोरे चालला आहात, इतकंच.

आधी खरेदी. कमी पैशातल्या प्रवासाला सामान भारी लागतं. साठ लिटरची सॅक, झटपट वाळणारा टॉवेल, पाणी गाळणारी बाटली, कपाळावर बांधायचा दिवा, जंगलातले खास बूट. यातलं बरंचसं नागपूरच्या बर्डी बाजारात निम्म्या किमतीत मिळतं, पण बर्डीची सॅक घेऊन निघालेल्याला कोणी बॅकपॅकर म्हणत नाही. तो गावाला चालला असं म्हणतात. सराव म्हणून भरलेली सॅक पाठीवर टाकून सेमिनरी हिल्सच्या दोन चकरा मारा. ओळखीचं कोणी भेटून ‘काऊन बे, घरून हाकललं का?’ म्हणालं तर नुसतं हसा. या खरेदीत जे उडालं, ते वसूल करणं म्हणजेच पुढचा सगळा प्रवास.

विमानाचं नाव काढू नका. चेन्नईपर्यंत स्लीपर, पुढे सरकारी जहाज. साधारण १,२०० किलोमीटर समुद्र आणि जवळपास तीन दिवस. सगळ्यात स्वस्त वर्ग बंकचा, एका हॉलमध्ये एकावर एक बाकड्यांच्या रांगा. तिथे तुमच्या आजूबाजूला बेटांवरच्या आपल्या घरी परतणारी माणसं असतात. कोणी मजूर, कोणी म्हाताऱ्याला चेन्नईच्या दवाखान्यात दाखवून परत नेणारं कुटुंब. जहाजं मोजकी, वेळापत्रकाचा भरवसा नाही, त्यामुळे स्वस्त तिकिटासाठी त्यांची धडपड चाललेली असते. त्यांना घरी जायचंय, तुम्हाला अनुभव घ्यायचाय. अनुभव आधी! आईने बांधून दिलेला चिवडा पहिल्या दिवशी पोटात जाईल, दुसऱ्या दिवशी समुद्र तो परत मागेल.

पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय आणि हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप. फोटोखाली मात्र हॅवलॉकच लिहा, लाइक त्यालाच पडतात. सेल्युलर जेल पटकन उरका. तिथे टूर कंपनीच्या बसमधून उतरलेले आपल्याकडचे काका-काकू सावरकरांच्या कोठडीसमोर डोळे पुसत उभे असतात. तुम्ही टुरिस्ट नाही, ट्रॅव्हलर आहात, तेव्हा त्यांच्यासमोर मराठी कळतच नाही असं दाखवा. जेवणाच्या वेळी मात्र ‘काका, तुम्ही नागपूरचे का?’ म्हणून खुर्ची ओढा. त्यांच्याबरोबर बहुधा स्वयंपाकी असतो, आणि चार दिवस बिस्किटांवर काढल्यावर वरणभाताची किंमत कळते.

आता वसुली. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याला टाइम मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं होतं. तिथे शहाळेवाला गाठा आणि दहा रुपये कमी झाल्याशिवाय हलू नका. त्याचा माल दुसऱ्या बेटावरून बोटीने येतो की आणखी कसा, हा तुमचा प्रश्न नाही. धरमपेठेत कॉफीचे अडीचशे रुपये मुकाट्याने देणारा माणूस तो तुम्हीच, हे इथे कोणाला माहीत आहे? खोलीवर गेल्यावर मालकीणबाई आंघोळीला एक बादली देतील, कारण वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडूनही उन्हाळ्याच्या शेवटी शहरात नळाला पाणी बेताचंच असतं. पडलेलं बहुतेक पाणी उतारावरून थेट समुद्रात जातं. तुम्ही दोन बादल्या मागा. एक अंगासाठी, एक त्या झटपट वाळणाऱ्या टॉवेलसाठी.

ताडोब्यात मे महिन्यातला निष्पर्ण साग पाहिलेल्या माणसाला तिथलं पर्जन्यवन खोटंच वाटतं. गर्जन आणि पडौकची झाडं इतकी उंच की फोटोत नुसता बुंधा येतो, म्हणून स्वतःचाच फोटो काढा. पायाला जळू लागलीच तर तिचाही काढा, तिने काही पैसे मागितलेले नाहीत.

बाराटांग बेटाकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात. वाटेत थांबायचं नाही, कोणाला काही द्यायचं नाही, फोटो काढणं गुन्हा आहे. तुम्ही संवेदनशील असल्यामुळे फोन फक्त मांडीवर ठेवाल, कॅमेरा चालू करून. कोणी दिसलंच नाही तर गोरेवाड्याच्या सफारीत वाघ न दिसल्यावर व्हायचं तसं तोंड करा आणि ड्रायव्हरला दोष द्या. उत्तर सेंटिनेल बेटाच्या वाटेला मात्र जाऊ नका, तिथल्या आदिवासींना बाहेरचं कोणी नको असतं आणि जायला बंदीही आहे. २०१८ मध्ये तिथे गेलेला अमेरिकन तरुण परत आला नाही. २०२५ मध्ये दुसरा एक जण किनाऱ्यावर नारळ आणि डाएट कोकचा डबा ठेवून आला, त्याला पोलिसांनी धरलं. तिथल्या लोकांच्या वजनाची काळजी याला कुठून लागली, कोण जाणे.

निकोबारचं स्वप्नही सोडा. तिथल्या आदिवासी राखीव भागात जायला पास लागतो, आणि तो नुसत्या हिंडायला आलेल्याला सहसा मिळत नाही. एका सॅकवाल्याने शांतता बिघडते. ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ आणि शहर उभारायचं ठरलंय, त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार आहे, ती गोष्ट वेगळी. जिथे बंदर होणार त्या गालाथियाच्या किनाऱ्यावर लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात, त्यांनाही कोणी पास विचारलेला नाही. शिवाय भरपाईची झाडं लावायची सोय झालेली आहे. हरियाणात.

तेव्हा पुढच्या मे महिन्यात जहाज नको, उलटी नको. अंदमान एक्सप्रेस नावाची गाडी नागपूरवरून जातेच. चेन्नईकडची सोडा, जम्मूकडची धरा. वाटेत हरियाणा लागतो. पर्जन्यवन आलं की उतरा.