थंडीपेक्षा अंधार जड गेला

तुमचं पीएचडीचं शिक्षण, दोन वर्षांचं मूल आणि परदेशातला पहिला हिवाळा. तुमचा लेख वाचताना गळा दाटून आला. आमच्याकडेही बायको शिकत होती आणि मी लेकीबरोबर घरी होतो. तुम्ही थंडीबद्दल लिहिलंय, पण आम्हाला जड गेला तो अंधार. आम्ही होतो तिथे, म्हणजे ६० अंश उत्तर अक्षांशावर, २१ डिसेंबरच्या आसपास दिवस जेमतेम ६ तासांचा असतो. बायको अंधारात बाहेर पडायची, अंधारातच परतायची. परीक्षा तोंडावर आली की लेक तिला फक्त झोपलेलीच दिसायची. त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटायचं.

शेवटी मी एक नेम केला. दुपारी उजेड असेतो लेकीला घेऊन बाहेर पडायचंच, अर्धा तास का होईना. अंगालगत पातळ लोकरीचा थर, सुती नाही, कारण सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मूल गारठतं. (आणि हो, कारच्या सीटमध्ये बसवताना जाड जाकीट काढाच, ते दबतं आणि पट्टा सैल राहतो.) एवढ्या उत्तरेला हिवाळ्यातल्या उन्हातून ड जीवनसत्त्व जवळपास मिळतच नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून थेंब सुरू केले.

नवऱ्याचा एकटेपणा उशिरा लक्षात आला, असं तुम्ही लिहिलंय. त्याच्याशी आजच बोला. मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर फार बरं वाटलं असतं.