पदकाची पेन्शन वेगळी, नोकरीची वेगळी

‘हॉकी सुटली की खेळाडूच्या हाती काहीच नाही’ हे निवृत्त हॉकीपटूंवरच्या एका लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. केंद्राच्या गुणवंत खेळाडू पेन्शन योजनेत वय ३० पूर्ण आणि सक्रिय खेळातून निवृत्ती, या अटींवर तहहयात पैसे मिळतात. एप्रिल २०१८ च्या सुधारणेत ऑलिंपिकच्या कुठल्याही पदकाला महिना २०,०००, विश्वचषक सुवर्णाला १६,०००, आशियाई सुवर्णाला १४,००० रुपये ठरले. म्हणजे फक्त १९७५ चा विश्वचषक नावावर असलेला टोकियो ऑलिंपिकमधल्या कांस्यवाल्याच्या खाली. अजब हिशेब! राष्ट्रीय स्पर्धा कितीही जिंका, इथे शून्य.

त्यामुळे बहुतेकांची भिस्त क्रीडा कोट्यातल्या नोकरीवर. तिथेही रेल्वेत १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना जुन्या ठरावीक पेन्शनऐवजी एनपीएस, म्हणजे पगारातून कापून बाजारात गुंतवलेल्या पैशांवरची पेन्शन. रुजू झाल्याची तारीख आधी बघा.