फोटोतला १६ आकडा तरी बघा!

थोरल्या मामांचे मेसेज मी सहसा न वाचताच सोडून देतो. पण हा मेसेज एनडीएची तयारी करणाऱ्या भाच्याने वहीत उतरवून घेतला, म्हणून लिहिणं आलं.

मेसेज सांगतो: चीनच्या तिन्ही विमानवाहू नौका रशियन भंगाराची नक्कल आहेत, पहिली तर कॅसिनोच; भरलेलं विमान त्यांच्यावरून उडत नाही, त्या किनारा सोडत नाहीत आणि एक ब्रह्मोस पुरे.

कॅसिनोचं अर्धं खरं. १९९८ मध्ये मकाऊच्या एका कंपनीने युक्रेनकडून ‘वर्याग’ या सोव्हिएत काळातल्या विमानवाहू नौकेचा अर्धवट सांगाडा २ कोटी डॉलरना घेतला, तरंगता कॅसिनो करतो म्हणून. ती थाप होती. २०१२ मध्ये तीच ‘लिआओनिंग’ म्हणून नौदलात आली. आणि भंगार म्हणून हसताना जरा जपून, वर्याग जिथे बांधली गेली, त्याच युक्रेनमधल्या मिकोलाइवच्या गोदीत आपली विक्रमादित्यही मुळात बांधली गेली.

‘तिन्ही नक्कल’ हे मात्र डोळे मिटून लिहिलंय. मेसेजसोबतच्या, खाली ‘फुजियान’ लिहिलेल्या फोटोत नौकेचं नाक वर वळलेलं आहे आणि बाजूला ठळक १६. अहो, हा नौकेचा क्रमांक, १६ म्हणजे लिआओनिंग! दुसरी शानडोंग १७, तिसरी फुजियान १८. पहिल्या दोघींवर विमान त्या चढावरून स्वतःच्या जोरावर उडतं, म्हणून इंधन आणि शस्त्रं बेतानेच न्यावी लागतात. इथवर मामा बरोबर. फुजियानचा डेक सपाट आहे. तिथे विद्युतचुंबकीय कॅटापल्ट विमानाला झटक्यात फेकतो. विमानवाहू नौकांमध्ये ही सोय तिच्याशिवाय फक्त अमेरिकेच्या ‘फोर्ड’ वर्गाच्या नौकांवर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये चीननेच व्हिडिओ दाखवला: जे-१५टी, जे-३५ ही लढाऊ विमानं आणि पंख्यांचं केजे-६००, तिन्ही तिच्यावरून उडाली. खरी काळजी त्या तिसऱ्याची. ते दूरवरचं हेरणारं रडार विमान आहे. आपल्या नौकांवर ते काम कामोव्ह हेलिकॉप्टर करतं. नोव्हेंबरमध्ये फुजियान नौदलात दाखलही झाली.

किनारा सोडत नाहीत? जून २०२५ मध्ये लिआओनिंग आणि शानडोंग एकाच वेळी प्रशांत महासागरात होत्या. हे जपानच्या संरक्षण मंत्रालयाने सांगितलंय, बीजिंगने नव्हे.

अनुभवात आपण पुढे, हे मान्य. जुनी विक्रांत १९६१ ची, १९७१ मध्ये तिच्या सी हॉक विमानांनी चितगावला दणके दिले. चिनी नौकांनी अजून युद्ध पाहिलेलं नाही.

राहिलं ब्रह्मोस. आधी पळती नौका समुद्रात सापडायला हवी, आणि ‘एक पुरे’ हा हिशेब आपल्या आजच्या विक्रांतलाही लागू होतो. तो लावायला मामा तयार आहेत का?