चाळणी म्हणणाऱ्या चिकोडीकरांना

श्री. ‘चिकोडीकर’ यांस,

कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “भेगाळलेल्या दगडात वायू ठेवणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. बेळगावात पंख्याखाली बसून लिहिणाऱ्यानं कधी बोअर मारलेली बघितली आहे काय? आणि अथणीत प्यायला पाणी नसताना यासाठी पाणी आणणार कुठून?” वर कंपन्यांवरून दोन टोमणे.

आधी माझी चूक. आइसलँडमधल्या प्रयोगात जमिनीखाली सोडलेल्या ‘सगळ्या’ वायूचा दगड झाला असं मी लिहिलं होतं. खरा आकडा 95 टक्के. दुरुस्त केला आहे. पण ‘पंख्याखाली’? बोअरच्या चुऱ्यावरून थर ओळखण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. टोमण्याची गरज नव्हती.

आता चाळणी. चाळणीची भोकं सगळीकडे सारखी असतात. आपला काळा दगड, म्हणजे बसॉल्ट, तसा नाही. एका बांधाला सहाशे फुटांपर्यंत नुसती धूळ निघते आणि पन्नास पावलांवर दोन इंची पाणी लागतं, हे चिकोडीच्या माणसाला मी सांगायचं? लाव्हाच्या प्रत्येक थराचा माथा फुटका, छिद्राळ असतो आणि पोट घट्ट. पोटातही उभ्या भेगा असतात, पण पुष्कळ ठिकाणी त्या माती, नाहीतर झिओलाइट, कॅल्साइट अशा खनिजांनी बुजलेल्या. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबडी माती. त्यामुळे पाणी आडवं पळतं, उभं जाताना अडतं.

शिवाय आइसलँडमध्ये वायू मोकळा सोडलेलाच नव्हता. 2012 साली हेलिशेइडीला तो सुमारे 350 मीटरवर बारीक बुडबुड्यांनी पाण्यात सोडला आणि 540 मीटरवर दगडात शिरेपर्यंत पूर्ण विरघळवला. असं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड, ते वर येत नाही. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की दाब सुटतो, म्हणून तो फसफसतो. तिथं खाली हवेच्या कितीतरी पट दाब. गोटी ढकलणार कोण?

हे आंबट पाणी बसॉल्टमधला कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सोडवतं. विहिरीजवळ भेगा उलट रुंद होतात. पुढं आंबटपणा मरतो आणि कार्बोनेट, म्हणजे कॅल्साइटसारखी खनिजं, बसायला लागतात. एक टन वायूचं सव्वादोन टन कॅल्साइट होतं, म्हणजे घनमीटरला थोडं कमी. वायूला कार्बन-14ची (किरणोत्सारी कार्बनची) खूण लावली होती, सोबत दगडाशी काहीच न करणारा दुसरा खुणेचा वायू. पाहणीच्या विहिरीत दुसरा पोचला, कार्बन दगड होऊन वाटेतच राहिला. तिथल्या पंपावर तर कॅल्साइटचा थर बसून पंपच बंद पडला. चाळणीतून गळालेल्या वायूनं पंप बसत नसतो, साहेब.

बिघडतं कुठं, तेही लिहितो, नाहीतर म्हणाल लपवलं. साध्या लोखंडी केसिंगला (बोअरमधल्या नळीला) हे पाणी खातं. दाब जास्त दिला तर मिटलेल्या भेगा उघडतात. अल्जीरियात इन सालाहला जेमतेम 20 मीटर जाडीच्या, भेगाळलेल्या वालुकाश्मात 2004 पासून वायू भरला. तो भेगांच्या दिशेनं पळाला आणि 2007 मध्ये एका जुन्या विहिरीत निघाला. जमीन वर्षाला काही मिलिमीटर फुगताना उपग्रहाला दिसली. 2011 मध्ये भरणं थांबवलं. पण तिथं वायू मोकळा होता, विरघळवलेला नव्हता, आणि वाट दिली ती जुन्या विहिरीनं. तुमची चाळणी इथंही बसत नाही.

पाण्याचं म्हणाल तर टनभर वायूमागं 25 टन लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर. पण लेखाचा तो विषय नव्हता. अमेरिकेत वॉलुलाला 2013 मध्ये पाण्याशिवायच, दाबून दाट केलेला वायू सुमारे हजार टन, आठशे मीटरच्या खाली सोडला आहे. आणि अथणीत करा असं मी म्हटलं कुठं? कोयनेला बसॉल्ट सव्वा किलोमीटर जाड आहे (तिथं करा असंही म्हणत नाही, 1967चा भूकंप विसरलेलो नाही). आपण त्याच्या कडेला. गोकाकच्या धबधब्यात बसॉल्टखालचा जुना, कलादगीचा वालुकाश्म उघडा दिसतो.

कंपन्यांबद्दलच्या टोमण्यांना उत्तर देत नाही.

पुढच्या वेळी तुमच्या कोरड्या बोअरची खोली, केसिंग किती फूट आणि तांबडी माती कितीवर लागली, एवढं लिहा. मग बोलू.