"घरातल्या कोणाकडून तरी करून घ्या" हे उत्तर नव्हे

माझ्या आईचे वय ७८ आहे आणि तिचा उजवा हात थरथरतो. परवा ती एक अर्ज ऑनलाइन भरत होती. फिकट करड्या अक्षरांतल्या सूचना वाचण्यासाठी स्क्रीन डोळ्यांजवळ नेत तिने एकेक रकाना भरला. चिकटून असलेल्या दोन बटणांपैकी 'पुढे' दाबताना तिचे बोट दोनदा 'रद्द करा'वर पडले आणि तिसऱ्यांदा ती शेवटच्या रकान्यापर्यंत पोहोचली, तोच 'वेळ संपली' असे दाखवून अख्खा अर्ज कोरा झाला. मदतीच्या क्रमांकावर फोन केला, तर अगदी सौजन्याने उत्तर मिळाले, "घरातल्या कोणाकडून तरी करून घ्या ना."

माझा आक्षेप नेमका या उत्तराला आहे. स्वतःचे पैसे, स्वतःचे आजारपण, स्वतःचा पासवर्ड हे सगळे दुसऱ्याच्या हाती सोपवल्याशिवाय ज्या व्यक्तीचे काम होत नाही, तिचा खासगीपणा आपण काढून घेतलेला असतो, आणि वर त्याला मदत म्हणतो.

माझी एक मैत्रीण दृष्टिहीन आहे. ती स्क्रीन रीडर वापरते, म्हणजे पडद्यावरचा मजकूर तिला ऐकू येतो. एका ॲपमध्ये तिला फक्त "बटण, बटण, बटण" एवढेच ऐकू येत असे, कारण बनवणाऱ्यांनी चित्रे दिली होती, पण त्यांना नावे दिली नव्हती. तिसरे बटण 'पाठवा'चे आहे हे तिने मोजून पाठ केले. पुढच्या अपडेटमध्ये बटणांचा क्रम बदलला. प्रत्येक बटणाला एक शब्दाचे नाव दिले असते, तर तिला हे मोजत बसावे लागले नसते.

नियम नाहीत असेही नाही. वेबसाइटच्या सुगम्यतेची, म्हणजे ती दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठीची, डब्ल्यूसीएजी ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये पहिल्यांदा आली आणि त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ असावा, वेळेची मर्यादा असल्यास ती संपण्याआधी सूचना देऊन वाढवू द्यावी, लॉगिनसाठी केवळ स्मरणशक्तीवर विसंबू नये, या गोष्टी त्यांत लिहिलेल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या करारातील नवव्या कलमात तर माहिती आणि संपर्काच्या तंत्रज्ञानाचाही उल्लेख आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे १३० कोटी लोकांना, म्हणजे दर सहांपैकी एकाला, लक्षणीय स्वरूपाचे अपंगत्व आहे. त्यामुळे "असे वापरकर्ते आमच्याकडे फारसे नाहीत" असे कोणी सेवा देणारा म्हणाला, तर ते मला पटत नाही. ज्यांना आत येताच येत नाही, ते मोजणीत कसे दिसणार?

म्हणून माझी मागणी एकच आहे. कोणतीही सेवा सुरू करण्यापूर्वी वृद्ध आणि दिव्यांग व्यक्तींना, योग्य मोबदला देऊन, ती स्वतः वापरून पाहू द्यावी आणि त्या जिथे अडतील तिथे दुरुस्ती झाल्याशिवाय ती खुली करू नये. तपासणीचे सॉफ्टवेअर चित्राला वर्णन जोडले आहे की नाही हे सांगते, पण ते वर्णन ऐकून माणसाला काही बोध होतो का, हे त्याला ठरवता येत नाही.

आईचा अर्ज अखेर मी भरला. आजारांच्या माहितीच्या रकान्यापाशी आल्यावर ती म्हणाली, "हे तू वाचू नकोस." मग मी वाचल्याशिवाय तो भरला जाणार नाही हे तिच्या लक्षात आले आणि तिने हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.